पाठ्यपुस्तकाबाहेरचे इंग्रजी

परकीय भाषा शिकवताना पाठ्यपुस्तक हा भक्कम आधार असतो. पण ती भाषा लहान मुलाच्या तोंडी बसायची असेल, तर पुस्तकात नसलेले पुष्कळ काही त्याच्या कानांवर, हातांत आणि डोळ्यांपुढे यावे लागते. चित्रकार्डे, शब्दपट्ट्या, गोष्टींची पुस्तके, गाणी, खेळ, ध्वनिमुद्रित पाठ, घरातील वस्तू, दुकानांच्या पाट्या अशा सर्व साधनांना शिक्षणशास्त्रात ‘पूरक अध्यापन साहित्य’ म्हणतात आणि शिक्षक रोजच्या बोलण्यात त्यालाच ‘शैक्षणिक साहित्य’ म्हणतात. महाराष्ट्रात या साहित्याचा प्रश्न २००० सालापासून विशेष महत्त्वाचा झाला. त्या वर्षी, प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, तोवर पाचवीपासून शिकवले जाणारे इंग्रजी राज्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून सुरू झाले, आणि स्वतः पाचवीत किंवा त्यानंतर इंग्रजीची ओळख झालेल्या हजारो शिक्षकांवर सहा वर्षांच्या मुलांना ती भाषा शिकवण्याची जबाबदारी आली. या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात तेव्हा बरेच लिहिले गेले. तो वाद येथे अभिप्रेत नाही. मुलांना इंग्रजी शिकवायचेच आहे हे मान्य केल्यावर ते कशाच्या आधारे शिकवावे, एवढाच येथील विचार आहे.

भाषाशिक्षणात ‘द्वितीय भाषा’ आणि ‘परकीय भाषा’ असा भेद केला जातो. शाळेबाहेरच्या व्यवहारातही जी कानांवर पडते, जिच्यात दुकानदाराशी, शेजाऱ्याशी, सोबत्याशी बोलावे लागते ती द्वितीय भाषा, आणि जी वर्गाचे दार ओलांडल्यावर संपते ती परकीय भाषा. पुण्यात हे दोन्ही प्रकार एकाच शहरात, काही वेळा एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना आढळतात. हिंजवडी किंवा खराडीच्या निवासी संकुलांत वाढणाऱ्या मुलाला इंग्रजी जिन्यात आणि खेळाच्या मैदानातही भेटते. जनता वसाहतीतून किंवा येरवड्याच्या वस्तीतून महापालिकेच्या मराठी शाळेत येणाऱ्या मुलाला मात्र इंग्रजीत बोलणारे कोणी भेटत नाही, आणि त्या भाषेशी त्याचा जिवंत संबंध येतो तो दिवसातील अर्ध्या-पाऊण तासाच्या तासिकेपुरताच. पहिल्या मुलासाठी पूरक साहित्य ही सोय आहे. दुसऱ्यासाठी ती गरज आहे, कारण परिसराने जे द्यायचे ते त्याला वर्गातच उभे करून द्यावे लागते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ तयार होत असताना इंग्रजी अध्यापनावर जो आधारनिबंध लिहिला गेला, त्याचा भर याच मुद्द्यावर होता: मुलांना नियम सांगण्याआधी भाषेने समृद्ध असे वातावरण दिले पाहिजे.

पाठ्यपुस्तकाला काय साधते आणि काय साधत नाही, हेही पाहिले पाहिजे. पुण्यात २७ जानेवारी १९६७ रोजी स्थापन झालेल्या आणि सेनापती बापट रस्त्यावर मुख्यालय असलेल्या बालभारतीने, म्हणजे महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने, २००० मध्ये मराठी माध्यमासाठी ‘माय इंग्लिश बुक’ ही मालिका सुरू केली. सुरुवातीलाच लेखन आणि व्याकरण लादण्याऐवजी गाणी, कृती आणि चित्रांवरून बोलणे यांवर तिने भर दिला, आणि भारतातील सरकारी पाठ्यपुस्तकांच्या संदर्भात ही दृष्टी त्या काळी पुढारलेली होती. तरीही पुस्तकाला पाने मोजकी, आणि प्रत्येक शब्द त्यात दोन-चार वेळाच येणार. एखादा शब्द मुलाचा व्हायचा तर तो वेगवेगळ्या प्रसंगांत, वेगवेगळ्या वाक्यांत पुन्हा पुन्हा भेटावा लागतो. मातृभाषेत ही पुनरावृत्ती घर आणि अंगण पुरवते, परकीय भाषेत ती पुरवणारे कोणीच नसते. शिवाय गडचिरोलीच्या आश्रमशाळेसाठी आणि पुण्याच्या पेठेतील शाळेसाठी पुस्तक एकच असल्यामुळे ते कोणत्याही एका वर्गासाठी पूर्णपणे बेतलेले असू शकत नाही. ही उणीव भरून काढणे हे पूरक साहित्याचे काम आहे.

उणीव किती खोल आहे याचा अंदाज ‘असर’ या सर्वेक्षणावरून येतो. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने ग्रामीण भारतात होणाऱ्या या पाहणीत २०१६ साली मुलांचे इंग्रजी वाचन तपासले गेले, तेव्हा पाचवीतील २४.५ टक्के मुलांनाच साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि वाचू शकणाऱ्यांपैकी त्या वाक्यांचा अर्थ सांगू शकणारी मुले ६२.४ टक्के होती. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा अधिक विचार करायला लावणारा आहे. दर दहा वाचणाऱ्या मुलांपैकी सुमारे चार मुले अक्षरांचे उच्चार करत होती, पण त्या उच्चारांमागे त्यांच्या मनात काही उभे राहत नव्हते. वाचन आणि अर्थ यांची ही फारकत ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ या तालावर चालणाऱ्या पाठांतराची थेट निष्पत्ती आहे. त्यात मुलाला स्पेलिंग येते, मराठी प्रतिशब्द येतो, पण मांजराबद्दल इंग्रजीत एकही गोष्ट ऐकायला किंवा सांगायला मिळत नाही.

पुस्तकाला जोड देण्याची कल्पना नवी नाही. चेक शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी १६५८ मध्ये चित्रे आणि शब्द शेजारी ठेवून लॅटिन शिकवणारे मुलांचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि आजच्या प्रत्येक चित्रतक्त्याचे मूळ त्या पुस्तकापर्यंत नेता येते. इंग्रजीच्या पूरक वाचनमालेचा उगम तर आपल्याच उपखंडात झाला. मायकेल वेस्ट हे शिक्षणाधिकारी १९२०च्या दशकात ढाक्यात काम करत असताना त्यांच्या लक्षात आले, की बंगाली मुले वर्षानुवर्षे इंग्रजी शिकूनही एखादे पुस्तक आनंदाने वाचू शकत नाहीत, कारण पुस्तकांत अनोळखी शब्दांची गर्दी असते. त्यांनी नेमक्या, वारंवार लागणाऱ्या शब्दांत सोप्या गोष्टींची पुस्तके रचली, प्रत्येक पायरीवर थोडेच नवे शब्द आणले, आणि त्यांतून ‘न्यू मेथड रीडर्स’ ही मालिका उभी राहिली. जगभर वापरली जाणारी पायरीबद्ध वाचनमालेची पद्धत त्यातून रूढ झाली, आणि मराठीच्या पाठ्यपुस्तकांत ज्याला ‘स्थूलवाचन’ म्हणतात, म्हणजे शब्दन् शब्द न तपासता आशयासाठी केलेले वाचन, त्याचेच ते इंग्रजी रूप होय. महाराष्ट्रात मात्र इंग्रजी शिकण्याची दीर्घकाळ रुजलेली वाट वेगळी होती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना नेमके व्याकरण दिले. पण ती वाट मोठ्या मुलांची आणि प्रौढांची होती, सहा वर्षांच्या मुलाची नव्हे. लहान मुलांसाठी साहित्य कसे असावे याचा धडा महाराष्ट्रात घालून दिला तो बालशिक्षणाने. गिजुभाई बधेका यांच्यासोबत १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा करणाऱ्या ताराबाई मोडक आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात माँटेसरींची महाग साधने बाजूला ठेवून शिंपले, बिया, खडे, पाने यांचेच साहित्य केले. त्यांचा विषय इंग्रजी नव्हता, पण मुलाच्या हाताला जे रोज लागते तेच त्याच्या शिकण्याचे सर्वांत चांगले साधन असते, हे त्यांचे तत्त्व इंग्रजीच्या वर्गालाही तंतोतंत लागू पडते.

गोष्टीच्या पुस्तकांचा परिणाम किती होऊ शकतो, याचा सर्वांत ठोस पुरावा फिजी बेटांवरून आला. वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई या संशोधकांनी १९८० साली तेथील ग्रामीण प्राथमिक शाळांत एक प्रयोग सुरू केला. ही मुले घरी फिजीयन किंवा हिंदी बोलणारी होती, आणि त्यांचे इंग्रजीचे वर्ग पाठ्यपुस्तक व वाक्यरचनांच्या सरावावर चालत. आठ शाळांतील चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० रंजक गोष्टींची पुस्तके दिली गेली, चार शाळांत जुनीच पद्धत चालू राहिली. पुस्तके मिळालेल्या मुलांची वाचनातील आणि ऐकून समजण्यातील प्रगती इतरांच्या जवळजवळ दुप्पट वेगाने झाली. ‘पुस्तकांचा पूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगात यंत्र नव्हते, महागडे प्रशिक्षण नव्हते. मुलांना वाचावीशी वाटतील अशी पुस्तके वर्गात होती आणि ती रोज उघडली जात होती. पुण्यासारख्या शहराला हा प्रयोग अवघड वाटण्याचे कारण नाही. ‘प्रथम बुक्स’ने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर कठीणपणाच्या पायऱ्यांनुसार लावलेली चित्रमय पुस्तके मोफत आहेत, ती छापून घेण्याचीही मुभा आहे, आणि कित्येक गोष्टी मराठीत व इंग्रजीत अशा दोन्ही भाषांत मिळतात.

एकच गोष्ट दोन भाषांत असणे हा फार मोठा लाभ आहे, आणि त्याकडे शाळांचे जितके लक्ष जायला हवे तितके गेलेले नाही. मुलाने गोष्ट आधी मराठीत ऐकली, तिच्यावर मनसोक्त बोलला, चित्रे पाहिली, की तीच गोष्ट इंग्रजीत ऐकताना त्याला काय घडते आहे हे शोधावे लागत नाही. त्याचे सारे लक्ष ते कसे सांगितले आहे याकडे जाते. मातृभाषा येथे अडथळा ठरत नाही, अर्थापर्यंत लवकर पोहोचवते. याच कारणाने मराठीतील चांगली चित्रपुस्तके इंग्रजीच्या तासालाही उपयोगी पडतात. पुण्याच्या ज्योत्स्ना प्रकाशनाने माधुरी पुरंदरे यांची जी पुस्तके काढली, त्यांतील घरे, जिने, स्वयंपाकघरे, आजी-आजोबा आणि रस्ते पुण्याच्या मुलाला ओळखीचे वाटतात. अशा चित्रावर बोट ठेवून ‘व्हेअर इज द कॅट?’ असे विचारले, की उत्तर मुलाच्या डोळ्यांसमोर असते आणि ‘अंडर द टेबल’ हे तीन शब्द अर्थासकट त्याच्या तोंडी येतात. मराठीत ‘टेबलाखाली’ म्हणताना ‘खाली’ नंतर येते आणि इंग्रजीत ‘अंडर’ आधी येते, हा दोन भाषांच्या घडणीतील फरक शिक्षकाने समजावून सांगण्याची गरजच उरत नाही. दहा चित्रांवर दहा प्रश्न झाले की कान तो पकडतो.

वस्तूंचेही तसेच आहे. भाषाशिक्षणात चित्राऐवजी प्रत्यक्ष वस्तू वापरण्याला महत्त्व दिले जाते, कारण वस्तू हातात घेता येते, देता येते, लपवता येते, आणि या प्रत्येक क्रियेतून वाक्य जन्माला येते. तुळशीबागेत मिळणारी भातुकली हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. कप, बशी, कढई, पोळपाट, चूल मांडून ‘गिव्ह मी अ कप’, ‘द टी इज हॉट’, ‘वॉश द प्लेट’ अशी संभाषणे पहिली-दुसरीची मुले खेळाच्या ओघात करू शकतात. मुलांनी घरून आणलेली बिस्किटांची, साबणाची, दुधाची रिकामी वेष्टने स्वच्छ करून मांडली की वर्गात दुकान उभे राहते, त्यावरची अक्षरे मूल आधीपासून ओळखत असते, आणि ‘हाऊ मच?’ या प्रश्नाला खरेखुरे उत्तर द्यावे लागते. परिसरात सहज दिसणाऱ्या अशा छापील मजकुराला साक्षरतेच्या अभ्यासात विशेष महत्त्व आहे, कारण मूल अक्षरे शिकण्याआधीच असा मजकूर ‘वाचत’ असते. पुण्यातील रस्ते तर त्याने भरलेले आहेत. दुकानांवर मराठी नावासोबत इंग्रजी नाव असते, बसथांब्यावर, दवाखान्यावर, औषधांच्या दुकानावर शब्द टांगलेले असतात; तिसरीच्या मुलांनी शाळेपासून चौकापर्यंत चालत जाऊन दिसलेले इंग्रजी शब्द वहीत टिपून आणले आणि वर्गात त्यांचे गट पाडले, तर एक पैसाही खर्च न होता आठवडाभराचे साहित्य तयार होते.

बोलण्याची घाई न करता ऐकण्याला आणि कृतीला आधी वाव देणारी एक पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६०च्या दशकात मांडली. ‘टोटल फिजिकल रिस्पॉन्स’ या नावाच्या या पद्धतीत शिक्षक आज्ञा देतो आणि मुले शब्दांऐवजी शरीराने उत्तर देतात. मराठी मुलांना ती मुळीच नवी नाही, कारण ‘शिवाजी म्हणतो’ हा खेळ नेमका तोच आहे: ‘शिवाजी म्हणतो बसा’ म्हटले तर बसायचे, नुसते ‘बसा’ म्हटले तर जागचे हलायचे नाही. याच खेळात ‘शिवाजी सेज, टच युवर नोज’ आले की मूल एकाग्र होऊन ऐकते, चुकले तर हसते आणि पुन्हा ऐकते. लाजणारी, बोलायला घाबरणारी मुले यात मागे पडत नाहीत, ही या पद्धतीची मोठी जमेची बाजू आहे. पुण्याच्या ‘आयुका’तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी करून दाखवणारे अरविंद गुप्ता यांच्या कामाकडेही या दृष्टीने पाहता येते. काडेपेट्या, कागद, स्ट्रॉ यांपासून खेळणी करण्याच्या त्यांच्या कृती त्यांच्या संकेतस्थळावर मराठी व इंग्रजीसह अनेक भाषांत मोफत आहेत. कागदाची टोपी करताना ‘फोल्ड’, ‘टर्न’, ‘कट’, ‘प्रेस’ या क्रियापदांचा अर्थ हातच सांगतात, आणि शेवटी तयार झालेली टोपी ही सूचना समजल्याची सर्वांत प्रामाणिक परीक्षा ठरते.

थोड्या मोठ्या, चौथी-पाचवीच्या मुलांसाठी एन. एस. प्रभू यांच्या प्रयोगाकडे वळावे लागते. १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील सर्वसाधारण शाळांत झालेला हा उपक्रम ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर अभ्यासला जातो. त्यात व्याकरणाचा क्रम बाजूला ठेवून मुलांपुढे वेळापत्रके, नकाशे, तक्ते ठेवले जात आणि त्यांतून एखादा प्रश्न सोडवायला सांगितला जाई. मुलाचे मन उत्तर शोधण्यात गुंतलेले असते तेव्हा भाषा अधिक खोल रुजते, असा प्रभूंचा सिद्धान्त होता. त्यांनी सांगितलेल्या कृतींपैकी एका प्रकारात एकाला ठाऊक असलेली माहिती दुसऱ्याला नसते आणि ती विचारूनच मिळवावी लागते. स्वारगेटहून सुटणाऱ्या बसचे अर्धे वेळापत्रक एका मुलाकडे आणि उरलेले अर्धे दुसऱ्याकडे दिले, किंवा महात्मा फुले मंडईतील भाज्यांचे भाव दोन पट्ट्यांवर वाटून दिले, की ‘व्हॉट टाइम?’ आणि ‘हाऊ मच आर द टोमॅटोज?’ हे प्रश्न विचारण्याला कारण निर्माण होते. अन्यथा वर्गात ज्याचे उत्तर सर्वांनाच दिसते आहे असेच प्रश्न विचारले जातात, आणि ‘इज धिस अ पेन?’ या प्रश्नाला उत्तर देताना मुलालाही त्यातील निरर्थकता जाणवते.

अक्षरओळखीच्या साहित्याबाबत मात्र स्पष्ट बोलणे भाग आहे. अप्पा बळवंत चौकात वर्षानुवर्षे विकले जाणारे ‘ए फॉर ॲपल’चे तक्ते बहुतेक शाळांच्या भिंतींवर असतात, आणि त्यांत इग्लू, यॉट, झायलोफोन असे शब्द असतात, जे पुण्यातील मुलाने पाहिलेले नसतात आणि पुढची अनेक वर्षे त्याला लागणारही नसतात. त्याहून महत्त्वाची अडचण ध्वनीची आहे. मराठी मुळाक्षरांत अक्षराचे नाव हाच त्याचा उच्चार असतो, म्हणून ‘प’ आणि ‘ट’ जोडले की ‘पट’ होतो. इंग्रजीत अक्षराचे नाव ‘एच’ आणि ध्वनी ‘ह’, नाव ‘डब्ल्यू’ आणि ध्वनी ‘व’च्या जवळचा, त्यामुळे ‘बी, ए, टी’ ही नावे कितीही भराभर म्हटली तरी ‘बॅट’ तयार होत नाही. ही अडचण सोडवण्यासाठी ध्वनींपासून सुरुवात करणारी ‘फोनिक्स’ पद्धत वापरतात. तिच्यातील ‘जॉली फोनिक्स’ या प्रसिद्ध मालिकेत ४२ ध्वनी असून पहिल्या गटात एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरे येतात, कारण या सहांतून ‘सिट’, ‘पिन’, ‘टॅप’, ‘नॅप’ असे पुष्कळ शब्द लगेच जुळतात. ध्वनी जोडून शब्द वाचण्याची सवय मराठी मुलाला देवनागरीने आधीच लावलेली असते, म्हणून ही पद्धत त्याला परकी वाटत नाही. जुन्या पुठ्ठ्यांवर सहा अक्षरे लिहून ती हलवत बसलेली मुले थोड्याच दिवसांत नवे शब्द स्वतः वाचू लागतात. मराठीत नसलेल्या किंवा वेगळ्या असलेल्या ध्वनींसाठी, जसे ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’मधील फरक, जोडचित्रांचे तक्ते लागतात, आणि असे मराठी मुलांसाठीच बनवलेले तक्ते प्रकाशकांनी काढावेत ही अपेक्षा अवाजवी नाही.

आता ज्या वर्गातील शिक्षकालाच इंग्रजी बोलताना संकोच वाटतो, त्या वर्गाचे काय? या प्रश्नावर पुण्यातच एक अत्यंत मोलाचे काम झाले आहे. १९८४ मध्ये येथे स्थापन झालेल्या ‘सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस’ या संस्थेने मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ‘वुई लर्न इंग्लिश’ हा श्राव्य कार्यक्रम तयार केला. त्याची पद्धत ‘संवादी रेडिओ’ म्हणून ओळखली जाते. आवाज प्रश्न विचारतो, मग जाणीवपूर्वक क्षणभर थांबतो, त्या अवकाशात वर्ग उत्तर देतो, आणि पुन्हा आवाज योग्य उत्तर ऐकवतो. केनियात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला पहिल्या तीन इयत्तांना इंग्रजी शिकवण्यासाठी अशीच पद्धत वापरली गेली होती. या साहित्याचे वैशिष्ट्य असे, की ते शिक्षकाला बाजूला सारत नाही. उच्चाराची आणि वाक्याची जबाबदारी आवाज घेतो, मुलांकडे लक्ष देण्याची जबाबदारी शिक्षकाकडे राहते, आणि शिक्षकही मुलांबरोबर ऐकत ऐकत सुधारतो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडण्याची जी कल्पना राबवली आणि पुढे बालभारतीच्या पुस्तकांत जे कोड आले, तेही शिक्षकाच्या हाताशी दुसरा आवाज देणारे साधनच आहे. फक्त मुलाला फोन देऊन गप्प बसवण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला की त्यातील संवाद संपतो.

साहित्य वाढले म्हणजे शिकणे वाढते, हा समज मात्र दूर व्हायला हवा. सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचे, म्हणजे मूल स्वतः अनुभवातून ज्ञान रचते या विचाराचे, जे काम केले त्याने महाराष्ट्रभर उत्साह निर्माण झाला, आणि अनेक शाळांत फरशा व भिंती रंगल्या. कुमठ्याचे सामर्थ्य मुलांना मिळालेल्या स्वातंत्र्यात आणि संवादात होते. अनुकरण करताना पुष्कळ ठिकाणी रंग तेवढा उचलला गेला. भिंत भरून टाकण्याचे दुष्परिणामही अभ्यासले गेले आहेत. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फार सजवलेल्या वर्गातील बालवाडीची मुले अधिक विचलित झाली आणि साध्या वर्गातील मुलांपेक्षा कमी शिकली. ज्या तक्त्यावर या आठवड्यात बोलणे होणार नाही तो उतरवून ठेवावा, हे त्यातून निघणारे सरळ व्यावहारिक सूत्र आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’च्या प्रदर्शनांबाबतही असाच विचार व्हावा: शिक्षकाने रात्र जागून केलेली देखणी वस्तू काचेच्या कपाटात गेली आणि मुलांच्या हाती लागली नाही, तर ती वस्तू शैक्षणिक साहित्य राहत नाही. मुलांनी स्वतः काढलेले वाकडेतिकडे चित्रकार्ड, त्यावर मुलानेच लिहिलेला शब्द, तो हातात घेऊन मित्राला विचारलेला प्रश्न, हे त्यापेक्षा कितीतरी अधिक मोलाचे आहे. कोणतेही साहित्य निवडताना एकच कसोटी लावावी: ते वापरताना मुलाने स्वतः किती इंग्रजी ऐकले आणि किती बोलले.

ही कसोटी लावायची तर निर्णय शिक्षकाच्या हाती असावा लागतो. सर्व शिक्षा अभियानात प्रत्येक शिक्षकाला साहित्यासाठी वर्षाला ५०० रुपये मिळण्याची तरतूद होती. रक्कम लहान होती, पण काय घ्यावे वा बनवावे हे शिक्षकाने ठरवायचे, हे तत्त्व योग्य होते. पुढे २०१६ पासून राज्य शासन, ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्ट यांच्या ‘तेजस’ प्रकल्पात नऊ जिल्ह्यांतील प्राथमिक शिक्षकांचे गट नियमितपणे एकत्र येऊन इंग्रजीत बोलू लागले आणि वर्गात केलेल्या कृती एकमेकांना दाखवू लागले. साहित्याचा खरा कारखाना असा गटच असतो, कारण एका शिक्षिकेने केलेला बसच्या वेळापत्रकाचा खेळ दुसरीला माहिती नसेल तर तो एका वर्गात जन्मून तिथेच संपतो. पुण्यातील महापालिका शाळांनी आणि खासगी संस्थांच्या मराठी शाळांनी पुढील वर्षाचे वेळापत्रक आखताना इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी दर आठवड्याला एक तास एकत्र बसण्यासाठी राखून ठेवावा, त्या तासाला दुसरे कोणतेही काम लावू नये, आणि वर्गातील गोष्टींच्या पुस्तकांचे कपाट रोज उघडे राहील याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी स्वतः घ्यावी.